ओझ्याचा अधिकार

पूर्वमीमांसेचा सहावा अध्याय अधिकारविचाराला वाहिलेला आहे. यज्ञ कोणी करावा, ज्याला इच्छा आहे पण द्रव्य नाही त्याने काय करावे, स्त्रीला हक्क आहे की नाही, पशूंना तो का नसावा, आणि देवांना तरी आहे का, कारण देवाने आहुती द्यावयाची म्हटले तर ती कोणत्या देवाला द्यावयाची, अशा प्रश्नांची काटेकोर, प्रसंगी हसू यावे इतकी काटेकोर चर्चा जैमिनीने आणि त्याच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींनी तेथे केली आहे. सातारा जिल्ह्याला या शास्त्राचे नवल वाटण्याचे कारण नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत प्रसिद्ध केला, आणि ज्या काळात मीमांसा म्हणजे मेलेल्या कर्मकांडाची कोरडी वकिली असे सुशिक्षित मंडळी समजत होती, त्या काळात कृष्णाकाठी बसून एका संन्याशाने तिची पारिभाषिक संपत्ती वेचून ठेवली. त्या संपत्तीत रथकाराधिकरण नावाचे एक छोटेसे प्रकरण आहे. रथ घडविणारा कारागीर त्रैवर्णिकांत मोडत नाही, हे मीमांसक मान्य करतात. तरीही पावसाळ्यात रथकाराने अग्न्याधान करावे असे श्रुतिवचन आहे, म्हणून त्याला अधिकार आहे असाही निर्णय देतात. आणि मग साहजिकच अडतात, कारण ज्याचे वेदाध्ययन झालेले नाही त्याने मंत्र आणावेत कोठून? यावरचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. ज्या वचनाने त्याला कर्म सांगितले, त्याच वचनाने त्या कर्मापुरते लागणारे ज्ञान मिळविण्याची मुभाही त्याला दिली, असे समजावे. सगळा वेद नको. त्या एका कर्माला पुरेल एवढा, पण तेवढा मात्र पुरता.

ही पंडिती तोड मला एखाद्या मठात आठवली असती तर त्यात विशेष ते काय. ती आठवली कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, फोर्कलिफ्ट चालविण्याचे शिक्षण घेण्यासाठी जमलेल्या तरुणांच्या घोळक्यात. फोर्कलिफ्ट म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या वाचकाला आता समजावून सांगावे लागत नाही. शिरवळपासून साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या कडेने उभे राहिलेले कारखाने, किर्लोस्करवाडीचे पंप, मिरज-कुपवाडच्या फौंड्र्या, तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची शीतगृहे, जेथे माल लाकडी पॅलेटवर रचून ठेवला जातो तेथे तेथे पुढे दोन लोखंडी दाती आणि पाठीमागे वजनाचा ठोकळा घेतलेले हे बुटके यंत्र फिरताना दिसते. मात्र कायद्याच्या दृष्टीने त्याची गत मोठी विलक्षण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याने ‘मोटार वाहन’ या संज्ञेची जी व्याख्या केली, तीतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन वगळले आहे. सबब सायकलपेक्षा थोड्या अधिक वेगाने धावणारी स्कूटर रस्त्यावर नेणाऱ्या कॉलेजकुमाराला सरकारी परवाना लागतो, आणि स्वतः चार टनांहून जड असलेले व वर तीन टन उचलणारे यंत्र आवारात फिरविणाऱ्याला आर.टी.ओ. कचेरीची पायरी चढावी लागत नाही. मग त्याला अधिकार देतो कोण? व्यवहारात उत्तर असे आहे की, एखादी प्रशिक्षण देणारी संस्था त्याला शिकविते, परीक्षा घेते, दाखला देते, आणि त्या दाखल्याच्या आधारे कारखान्याचा व्यवस्थापक त्याला लेखी परवानगी देऊन यंत्राची किल्ली त्याच्या स्वाधीन करतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली जी कलमे नव्याने घालण्यात आली, त्यांतल्या एका कलमाने सुरक्षिततेचे शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून नोंदविला. अमेरिकेत तर अशा चालकाला वर्गातले शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागी परीक्षा अशा तिन्हींतून जावे लागते व किमान दर तीन वर्षांनी त्याचे पुनर्मूल्यमापन करावे, अशी सक्ती आहे.

एवढ्याशा कागदाच्या निमित्ताने मला जो प्रश्न विचारावयाचा आहे, तो जुनाच आहे. एखादे कर्म करण्याचा अधिकार माणसाला कशाने येतो? आणि त्याहून आधीचा, शास्त्रकारांनी सहसा न विचारलेला प्रश्न: अधिकाराची चौकशी मुळात कोणत्या कर्माच्या बाबतीत करावी आणि कोणत्या कर्माच्या बाबतीत करूच नये?

प्रथम ते शिक्षण कसे असते ते पाहू, कारण तत्त्वज्ञानाला तपशिलाचे वावडे असता कामा नये. त्या दिवशी जमलेल्यांपैकी बरेच जण वाळवे, पलूस, कराड या बाजूचे होते, आणि त्यांच्यातले काही हंगामात उसाने शीगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालविलेले. वाहन चालविणे त्यांना नवे नव्हते, आणि प्रशिक्षकाच्या मते हीच त्यांची मुख्य अडचण होती. ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. पुढचे टोक जागच्या जागी राहिल्यासारखे वाटते आणि पाठीमागचा जड भाग चालकाच्या नजरेआड बाहेरच्या बाजूला झुगारला जातो. त्या झुगारण्याच्या टप्प्यात भिंत असेल तर पोपडे उडतात, आणि माणूस असेल तर काय होते ते सांगण्याची गरज नाही. तराजूच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात यंत्राचा मागचा ठोकळा ठेवला आहे, आणि पुढच्या चाकांच्या आसावर दांडी टेकली आहे, असे प्रशिक्षकाने फळ्यावर काढून दाखविले. माल जितका दातींच्या टोकाकडे सरकेल तितका तो जड होतो, वजनकाट्यावर त्याचे वजन तेवढेच भरले तरीही. म्हणून यंत्रावर एक धातूची पट्टी ठोकलेली असते, आणि तीवर केवळ किती किलो एवढेच नव्हे, दातींच्या मुळापासून किती अंतरावर भारकेंद्र असताना आणि किती उंचीपर्यंत उचलताना किती किलो, असे लिहिलेले असते. तीन टनांचे यंत्र म्हणजे मुळापासून पाचशे मिलिमीटरवर भारकेंद्र असताना तीन टन; लांबुळका नग आला की तेच यंत्र तीन टनांचे राहत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला बिंदू यांना जोडणारा एक अदृश्य त्रिकोण असतो, आणि यंत्र व माल यांचे संयुक्त गुरुत्वकेंद्र जोवर त्या त्रिकोणात आहे तोवरच यंत्र उभे राहते. माल उंच उचलला, दाती ज्यावर चढतात-उतरतात तो खांब, म्हणजे मास्ट, कलंडविला, वळण वेगाने घेतले, उतारावर आडवे चालविले, की ते केंद्र त्रिकोणाच्या कडेकडे सरकते. रिकामे यंत्र निर्धास्त असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती अशी की, माल नसताना केंद्र मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे, गेलेले असते, म्हणून वळणावर बाजूला उलटण्याचा धोका रिकाम्या यंत्राला अधिक. ज्याच्या माथ्यावरचे ओझे उतरले आहे त्याने अधिक जपून चालावे, हा नियम कोणत्याही स्मृतीत सापडावयाचा नाही. आणि यंत्र उलटू लागलेच तर बाहेर उडी टाकावयाची नाही. पट्टा बांधलेला असावा, चाक घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध दिशेला अंग झुकवावे, कारण उडी टाकणारा नेमका यंत्राच्या छपराखाली सापडतो. जिवाच्या भीतीने शरीर जे करू पाहते त्याच्या अगदी उलट करण्याची सवय लावणे, हा या शिक्षणाचा एक भागच आहे.

मग प्रत्यक्ष सराव. नारिंगी शंकूंची एक वाट आखलेली, टोकाला वाळूच्या पोत्यांचे पॅलेट. एका विशीतल्या मुलाने यंत्र नीट समोर उभे केले, दाती खाली घेतल्या, पॅलेटच्या खाचांत अर्ध्या सरकविल्या आणि दातींची टोके कोठवर गेली हे पाहण्यासाठी मान पुढे काढली. प्रशिक्षकाने शिट्टी फुंकून थांबविले.

“काय बघतोयस?”

“सर, फोर्क आत पुरता गेला का बघतोय.”

“ते नंतर बघ. मागं कोण उभं हाय?”

मुलाने मागे पाहिले. मी उभा होतो.

“ते पाव्हणं मघापासनं तिथं उभं हायत. तू माल बघितलास, माणूस न्हाई बघितलास. उतर खाली.”

पुढच्या मुलाने ओझे नीट उचलले, जमिनीपासून वीतभर उंचीवर धरले, मास्ट किंचित मागे कलता केला आणि समोरचे काही दिसेना म्हणून, शिकविल्याप्रमाणे, यंत्र उलटे चालवीत आणले. कोपऱ्यावर हॉर्न वाजविला. उतरंडीवर ओझे चढाकडच्या बाजूला ठेवले, म्हणजे खाली येताना स्वतः पाठमोरा आला. यंत्र उभे करताना दाती जमिनीला टेकविल्या, हातब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात घातली. पण वाळूची दोन पोती वाटेत घसरून पडली होती, त्यामुळे तो ओशाळला होता. त्याला उत्तीर्ण केले गेले. पहिल्याला पुन्हा बोलाविले गेले, आणि त्याचे तर एकही पोते पडले नव्हते.

या निकालावर मला वाटते मीमांसकांनी एक अधिकरण लिहिले असते. परंपरेने अधिकाऱ्याची लक्षणे सांगितली आहेत ती अशी: तो अर्थी असावा, म्हणजे त्याला फळाची इच्छा असावी, समर्थ असावा, विद्वान असावा, म्हणजे त्या कर्माचे ज्ञान त्याला असावे, आणि शास्त्राने त्याला वगळलेले नसावे. पहिली तीन लक्षणे फोर्कलिफ्टच्या वर्गाला जशीच्या तशी लागू पडतात. चौथ्या लक्षणाने मात्र या देशात फार अनर्थ केला. पहिल्या तिन्हींची परीक्षा घेता येते. चौथ्याची परीक्षा घ्यावी लागत नाही, ते जन्माबरोबरच लागू होते, आणि म्हणून जे लक्षण शेवटचे व गौण असावयाचे तेच व्यवहारात पहिले आणि एकमेव होऊन बसले. खुद्द सहाव्या अध्यायात निर्धनाला यज्ञाचा अधिकार आहे, कारण धन आज नाही ते उद्या येईल, असे म्हटले आहे. स्त्रीला अधिकार नाही हे ऐतिशायनाचे मत खोडून तिला तो दिला आहे. परंतु शूद्राच्या प्रश्नापाशी आल्याबरोबर हे उदार तर्कशास्त्र एकाएकी दार लावून घेते. सातारा आणि सांगली या दोन गावांना तर हे दार फार जवळून माहीत आहे. १८३० च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंहांच्या क्षत्रियत्वाचा आणि त्यामुळे त्यांच्या धर्मकृत्यांतील अधिकाराचा जो वाद पेटला, त्यात विरोधी पक्षाचे पुढारीपण सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांकडे होते. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाला आपल्या अधिकाराचा दाखला पंडितांकडे मागावा लागतो, यातली विसंगती त्या काळी कित्येकांना जाणवलीच नसावी. पुढे त्याच सातारा शहरात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमराव आंबेडकर नावाच्या एका मुलाचे नाव शाळेच्या पटावर दाखल झाले, त्या शाळेला आज प्रतापसिंहांचेच नाव आहे.

जन्मसिद्ध अधिकाराचे दुसरे, लौकिक रूप म्हणजे वतन. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, आणि त्यांच्या खालची, जिच्यात हक्कापेक्षा राबणूकच अधिक होती अशी महारकी. वतनदाराला कोणी विचारीत नसे की, तुला हिशेब येतो का, जमिनीची मोजणी येते का. बापाला होते म्हणून मुलाला, आणि प्रसंगी वतन विकताही येई, गहाणही टाकता येई. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या, आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या. त्यांच्या जागी जे आले त्याला आपण थोडक्यात दाखला म्हणू: परीक्षेने मिळणारा, नावाचा, दुसऱ्याला देता न येणारा, मुदत संपताच निष्प्रभ होणारा. फोर्कलिफ्टचा दाखला बापाकडून मुलाकडे जात नाही. तो एका प्रकारच्या यंत्रापुरताच असतो, शीतगृहाच्या अरुंद गल्लीतले उभ्याने चालविण्याचे यंत्र निराळे आणि डिझेलवर चालणारे निराळे. आणि चालक त्या दिवशी दारू पिऊन, किंवा दोन पाळ्या सलग करून झोपाळलेल्या डोळ्यांनी आला असेल तर दाखला खिशात असूनही त्याला त्या दिवशी अधिकार नसतो. चौथ्या लक्षणाचा हा न्याय्य अर्थ म्हणावा लागेल. माणसाला वगळावयाचे ते त्याच्या कुळावरून नव्हे, त्या सकाळच्या त्याच्या अवस्थेवरून. कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होण्यापूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकीत हिंडले होते आणि सातारा रोडला कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ‘कमवा आणि शिका’ असे म्हणणाऱ्याला अवजार आणि अक्षर यांतला संबंध पुस्तकातून कळलेला नव्हता.

तथापि वतन जाऊन दाखला आला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणारांपैकी मी नाही. संतांनी या साऱ्या अधिकारविचारालाच बगल दिली, ती का, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोणंदवरून फलटणकडे जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीत चालणाऱ्या वारकऱ्याला कोणी दाखला विचारीत नाही. नाम घेण्याला ना अध्ययन लागते, ना द्रव्य, ना मुहूर्त. पंडितांनी ज्या दारावर अधिकाराची चौकी बसविली होती त्या दाराकडे न जाता संतांनी भिंतच नाही अशा मैदानात सभा भरविली. याचे कारण केवळ त्यांची करुणा, असे आपण म्हणतो. मला वाटते त्यात एक तार्किक निर्णयही आहे. नाम चुकले तर कोणाचे काय बिघडते? ताल चुकला, शब्द विसरला, अर्थ कळला नाही, तरी शेजारच्या वारकऱ्याच्या पायावर काही पडत नाही.

याउलट यज्ञाकडे पाहण्याची वैदिकांची दृष्टी निराळी होती. त्वष्ट्याची कथा प्रसिद्ध आहे. इंद्राचा घात करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला, पण मंत्र म्हणताना स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला, आणि इंद्राला मारणारा होण्याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा वृत्र जन्माला आला. व्याकरण शिकण्याची आवश्यकता पटविण्यासाठी ही कथा शतकानुशतके सांगितली गेली. पण तीत व्याकरणापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: चूक केली त्वष्ट्याने, मेला वृत्र. ज्याने मंत्र म्हटला त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. ज्या कर्मात चुकीचे फळ करणाऱ्याच्या पदरी न पडता भलत्याच्याच माथी पडते, त्या कर्मात अधिकार विचारलाच पाहिजे. आणि जेथे चुकीचे फळ फार तर करणाऱ्यालाच भोगावे लागते, किंवा कोणालाच भोगावे लागत नाही, तेथे अधिकार विचारणे हा शुद्ध उर्मटपणा होय. आमच्या परंपरेचा दोष अधिकाराचा प्रश्न काढला हा नसून तो चुकीच्या ठिकाणी काढला हा आहे. वेद ऐकल्याने कोणाच्या छातीची फासळी मोडत नाही, विहिरीचे पाणी प्याल्याने शेजाऱ्याचा पाय तुटत नाही, तेथे आम्ही कडेकोट पहारे ठेवले. आणि ज्या गिरण्यांत, खाणींत, गोदामांत एकाच्या अज्ञानाने दुसरा चिरडला जाऊ शकत होता, तेथे ‘बस वर, चालव, जमेल’ एवढ्या उपनयनावर भागविले.

म्हणून त्या प्रशिक्षकाचा निकाल बरोबर होता. दाखला चालकाच्या नावाने निघतो खरा, परंतु तो काढावयाचा असतो त्या माणसासाठी, जो यंत्रावर बसलेला नाही: पॅलेट सरळ करणारा हेल्पर, चलन घेऊन मधूनच आडवा येणारा दिवाणजी, ट्रकच्या मागे विडी ओढीत उभा असलेला क्लीनर. यांना यंत्राचे शास्त्र ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. मीमांसेच्या परिभाषेत बोलावयाचे तर चालक अर्थी आहे, कारण त्याला मजुरीपेक्षा थोडा बरा पगार हवा आहे. पण दाखल्याचा खरा अर्थी हेल्पर आहे, आणि त्याची सही त्यावर कोठेच नाही.

यावर सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल मला विचारील, आणि त्याने विचारावेच, की आमच्या मानेवर कोणती पट्टी ठोकली होती? हा प्रश्न टाळून ओझ्याविषयी काही लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. हळदीचा सौदा निघाला की पोती अजूनही पाठीवरूनच हलतात, कारण सुट्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकला दाती उपयोगी पडत नाहीत. पॅलेट असेल तरच यंत्र, नाहीतर हातातला आकडा आणि माणसाची पाठ. यंत्रावर पाचशे मिलिमीटरचा हिशेब कोरला गेला त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढत होती, आणि मणक्याचे भारकेंद्र कोणी काढले नव्हते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने नेहमी वाहावयाच्या ओझ्याला पंचावन्न किलोंची कमाल मर्यादा असावी अशी शिफारस केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला; त्यामागच्या चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले, आणि ज्यांच्यासाठी ते झगडले त्या मुंबईच्या माथाड्यांत सातारा-सांगलीची माणसे फार मोठ्या संख्येने. या कायद्याने टोळीला नोंद दिली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला कागद मिळाला.

पण त्या कागदात आणि फोर्कलिफ्टच्या दाखल्यात एक भेद आहे, आणि तो माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. हमालाला ओझे वाहण्याचा हक्क मिळाला. चालकाला शिकविला जातो तो ओझे नाकारण्याचा. पट्टीवर लिहिले आहे त्याहून अधिक माल आला, पॅलेट मोडके निघाले, नग लांबुळका निघाला, हेल्परला दातींवर उभे करून वरच्या फडताळावर पाठवा असा वरून हुकूम आला, तर चालकाने ‘नाही’ म्हणावे, आणि ते म्हणण्यामागे त्याचे शिक्षण उभे असावे. गीतेच्या कर्मयोगावर टिळकांनी मंडालेत लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचून ज्या पिढ्या वाढल्या त्यांना अधिकार म्हणजे कर्माला प्रवृत्त करणारी गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याला न करण्याची मुखत्यारी नाही त्याच्या करण्याला अधिकार म्हणावे का? गाडी खाली करून निघण्याची घाई झालेला वाहतूकदार, ओव्हरटाइम नको असलेला पर्यवेक्षक, आणि ‘एवढ्यानं काय हुतंय’ म्हणणारा जुना सहकारी, या तिघांसमोर एकविसाव्या वर्षी ‘नाही’ म्हणण्याला जे धैर्य लागते ते दाखल्याने येत नाही. पण दाखला नसेल तर त्या धैर्याला उभे राहावयास जागाच राहत नाही.

अपघात झाला म्हणजे चौकशी होते, आणि चौकशीत ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द लिहून फाइल बंद करण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एकट्या आत्म्याला कर्ता समजणारा दुर्मती होय, असा त्या ठिकाणचा अभिप्राय आहे. कारखान्याच्या चौकशीला हे पंचक चांगले मार्गदर्शक ठरावे. अधिष्ठान म्हणजे ती जमीन, तेल सांडलेली, दिवा गेलेली, चालणाऱ्यांसाठी पिवळी रेघ न आखलेली. करण म्हणजे यंत्र, त्याच्या साखळ्या, त्याचे टायर, त्याचा न वाजणारा हॉर्न. चेष्टा म्हणजे त्या क्षणाच्या हालचाली. दैव शेवटी, पाचवे, पहिले नव्हे. आमच्याकडे साहेबलोक कर्त्यापाशी थांबतात आणि गावकरी दैवापाशी, आणि उरलेली तीन कारणे कोणाच्याच दफ्तरी दाखल होत नाहीत.

आता या सगळ्याला सुरुंग लावणारी गोष्ट. प्रशिक्षण न घेता दाखला विकत मिळतो, ही कुजबूज नसून उघड चर्चा आहे. एक दिवस बसा, फॉर्म भरा, फोटो द्या, की दोन दिवसांत लॅमिनेट केलेला कागद हाती. ठेकेदाराला तो लागतो, कारण तपासणीला येणारा तोच मागतो. मुलाला तो लागतो, कारण ठेकेदार तोच मागतो. वतन विकले जाई तसाच हा दाखला विकला जातो, आणि अशा वेळी दोहोंत भेद उरत नाही. एका कारखान्याच्या व्यवस्थापकांपाशी मी सुचविले की, अंतिम परीक्षा त्याच आवारात घ्यावी आणि चालकासोबत रोज काम करणाऱ्या हेल्परच्या संमतीशिवाय ती पुरी झाली असे समजू नये. ते हसले. हेल्पर ऑपरेटरच्या हाताखालचा, तो नकार देईल कसा, आणि दिला तर उद्या त्याच्याबरोबर काम करील कसा, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खोटे नाही. परंतु याच सांगली जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत त्यावर एक जुना उपाय चालत आलेला आहे. शेतकऱ्याची हळद अडत्या तोलीत नाही, खरेदीदारही तोलीत नाही. समितीची अनुज्ञप्ती असलेला तोलाईदार तोलतो, कारण तोलण्याचा अधिकार मालात ज्याचा हितसंबंध आहे अशा कोणाच्याही हाती देऊ नये, एवढे शहाणपण बाजाराने फार पूर्वी कमावले आहे. चालकाची परीक्षा घेणारा माणूस ना ठेकेदाराच्या पगारावर असावा, ना शिकविण्याची फी घेणाऱ्या संस्थेच्या. त्याची तोलाई दोन्ही पक्षांनी मिळून भरावी, आणि त्याने परीक्षा घेताना हेल्परला बाजूला बोलावून, चालकाच्या अपरोक्ष, एवढेच विचारावे की, या मुलाने यंत्र मागे घेतले तेव्हा तू कोठे उभा होतास आणि त्याने तुला पाहिले होते का.